सही माझीच आहे

मनकर्णाबाई सकाळी साडेअकराला लॅबमध्ये आल्या आणि काउंटरवर कुणाला काही न विचारता थेट आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, उन्हातून आल्यामुळे चेहरा तांबूस झालेला, हातात घड्या घालून मऊ पडलेला एक कागद.

"डाक्टर खरात कोण?"

रत्नमाला खरातने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "मीच. बसा मावशी."

"बसाया नाय आले. ही सही तुमचीच ना?"

रत्नमालाने कागद घेतला. लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या अजिंठ्याच्या कलेक्शन सेंटरमधून निघालेला रिपोर्ट. नाव सोनिया, वय तेवीस, गरोदर, आठवा महिना. हिमोग्लोबिन ११.२. खाली निळी सही, त्याखाली रत्नमालाचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक.

"माझी सून हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिला चक्कर यायची, पाय सुजले, जिना चढवंना. मी म्हणलं रक्त कमी असंल. ह्या कागदात लिहिलं, रक्त चांगलंय. मग आम्ही गप बसलो. चार दिवसांमागं घरातच पडली. सिल्लोडहून तिला इथं घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथल्या डाक्टरनी सांगितलं, पाच पॉइंट आठ. चार बाटल्या चढवल्यात, आजून शुद्धीत नीट नाय. लेकरू पोटातच हाय. आता मला सांगा, अकरा कुठनं आलं?"

खोलीतलं यंत्र एक नमुना संपवून दुसऱ्याकडे वळलं. रत्नमालाने तो कागद दोनदा वाचला. हा रिपोर्ट तिने पाहिल्याचं तिला अजिबात आठवत नव्हतं. दिवसाला दीडशे रिपोर्ट जायचे, पण आठव्या महिन्यातल्या बाईचं हिमोग्लोबिन ती आवर्जून बघायची.

"मावशी, ही माझी सही नाही," ती म्हणाली. "कुणीतरी खोटी केली आहे. मी शोधून काढते."

मनकर्णाबाईंनी कागद परत घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. "शोधा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. रत्नमालाने त्यांना थांबवून रिपोर्टचा फोटो काढून घ्यायला हवा होता, हे तिला त्या जिना उतरल्यावर सुचलं. ती धावत खाली गेली. औरंगपुऱ्याच्या गर्दीत त्या रिक्षा थांबवत होत्या. तिने फोटो घेतला, मोबाइल नंबर घेतला, आणि रिक्षाचे पैसे द्यायला हात पुढे केला तर मनकर्णाबाईंनी तो बाजूला सारला.

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागेना. एक सही खोटी असेल, तर दुसऱ्याही असतील. किती? कुठल्या गावात? कुणाच्या साखरेचा, कुणाच्या काविळीचा आकडा तिच्या नावाखाली फिरतो आहे? पुन्हा असं कुणाला करताच येऊ नये, याचा बंदोबस्त आधी करायचा, असं तिने ठरवलं. दुपारी डबा न उघडताच ती संगणकावर शोधत बसली. 'डिजिटल सही कशी करावी' असं टाइप केल्यावर पन्नास गोष्टी आल्या. पहिलं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तर ते म्हणालं, पडद्यावर बोटाने सही काढा. दुसऱ्याने सहीचा फोटो मागितला. तिसऱ्याने तर तिच्या नावाची सही स्वतःच तयार करून दिली, वळणदार, तिच्यापेक्षा सुंदर अक्षरात. तिने ते तिन्ही चिडून काढून टाकले. ही सगळी चित्रंच होती. एकाने काढलेलं चित्र दुसरा उचलणार नाही, याची हमी कोण देणार?

तिच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रूपा साळवे राहायची. पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवायची. शनिवारी दुपारी रत्नमाला तिच्याकडे गेली तेव्हा नळाला आठवड्याने पाणी आलं होतं आणि रूपा साडी खोचून पिंपं भरत होती.

"ताई, पाच मिनिटं. एवढं पिंप झालं की बसू."

रत्नमालाला पाच मिनिटंही बसवेना. तिने दुसरी बादली उचलली. पाणी भरता भरताच तिने सगळं सांगितलं. रूपा ऐकत राहिली. मग हात पुसून तिने लॅपटॉप उघडला.

"तुम्ही शोधलंत ते सहीचं चित्र. तुम्हाला हवी ती सही डोळ्यांना दिसत नाही, ती गणितानं ताडता येते," रूपा म्हणाली. "यात दोन किल्ल्या तयार होतात. जोडी असते. एक तुमच्याकडंच राहणार, ती जिवात जीव असेपर्यंत कुणाला द्यायची नाही. दुसरी सगळ्या गावाला वाटून टाकायची. पहिलीनं तुम्ही सही करायची, दुसरीनं कुणीही ती ताडून बघायची. दुसरी हातात आली म्हणून कुणाला तुमची सही करता येत नाही."

"आणि हे करायला काय लागतं?"

"सराव करायला फुकटातली साधनं आहेत. माझ्या मुलांना मी हेच शिकवते." तिने पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. काही क्षणांत दोन फायली तयार झाल्या. एकीत नुसती अक्षरं आणि आकडे, अर्थ न लागणारे. "ही तुमची खासगी किल्ली. ही सार्वजनिक. आता सही कशावर करायची? काहीतरी सांगा."

रत्नमाला म्हणाली, "लिही. सोनिया, हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ."

रूपाने तेवढंच लिहिलं, सही केली, मग दुसऱ्या किल्लीने ताडून पाहिलं. उत्तर आलं, सही बरोबर.

"आता त्यात अकरा पॉइंट दोन कर."

रूपाने आकडा बदलला आणि पुन्हा तपासलं. सही जुळत नाही.

रत्नमाला त्या ओळीकडे बघत राहिली. एवढी साधी गोष्ट. महिन्याभरापूर्वी ही असती तर अजिंठ्यातल्या कुणालाही ती बाई पडण्याआधी कळलं असतं, असं तिला वाटलं. तिने तसं बोलूनही दाखवलं.

"नाही ताई," रूपा म्हणाली. "हे फक्त एवढंच सांगतं की सही झाल्यावर आकडा कुणी बदलला का. सही करणाऱ्यानंच चुकीच्या आकड्यावर केली असेल, तर हे काय करणार? तेव्हाही बरोबरच म्हणेल." मग तिने विचारलं, "पण तुमची ती चित्रातली सही त्यांनी उचलली कुठून? कुणाकुणाकडं आहे ती?"

रत्नमालाने मोबाइलमधला फोटो काढला. रूपाने तो मोठा केला. सहीतल्या 'र'च्या वळणावर शाई तुटली होती. रत्नमालाने त्या तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. ते पेन तिला आठवलं. लॉकडाउनमध्ये ती घरी अडकली होती, लॅबमध्ये यायला परवानगी मिळत नव्हती, तेव्हा लॅबचे मालक काकासाहेब फोनवर म्हणाले होते, मॅडम, एका कागदावर सही करून फोटो पाठवा, तात्पुरतं चालवून घेऊ. तिने वहीच्या पानावर सही केली होती. पेन वळणावर अडकलं होतं. तेच चित्र सॉफ्टवेअरमध्ये बसवलं गेलं, आणि आज पाच वर्षं रोज तिच्यासमोरच्या प्रत्येक रिपोर्टखाली उमटत होतं. तिला त्याची इतकी सवय झाली होती की ते कसं उमटतं, हा प्रश्नच पडला नव्हता.

रविवार तिने घरात या खोलीतून त्या खोलीत फिरून काढला. सोमवारी लॅब उघडण्याआधीच ती पोचली आणि सोनियाच्या रिपोर्टचा नंबर संगणकात टाकला. रिपोर्ट होता. बाहेर कुणी बनवलेला नव्हता, लॅबच्याच सॉफ्टवेअरमधला होता. 'मंजूर' या बटणासमोर अजिंठा सेंटरचं नाव होतं. यंत्राची नोंद मात्र नव्हती. नमुना शहरात आलाच नव्हता. आकडा हाताने टाकलेला होता, आणि सोनियाच्या आदल्या महिन्याच्या रिपोर्टमध्येही हिमोग्लोबिन ११.२ होतं.

तिने अजिंठ्याला फोन लावला. सेंटर चालवणारा कारभारी आधी टाळाटाळ करू लागला, मग एकदम बोलू लागला.

"मॅडम, नमुना गोठला हुता. उन्हात गाडी उशिरा आली. परत रक्त मागितलं की लोक भांडतात. लई दिवस असंच चाललंय. मागच्या महिन्याचा आकडा हुता, म्हणलं एवढ्यात काय फरक पडतोय."

"बटण दाबायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काकासाहेबांनी पासवर्ड दिला ना. म्हणले, मॅडमची सही आपोआप येती."

काकासाहेब दहाला आले. साठीचे, नीटनेटके, पांढऱ्या सफारीतले. जिल्ह्यातल्या अकरा गावांत त्यांची सेंटरं होती आणि प्रत्येकाला आपण शहरातली तपासणी खेड्यात नेली, असं ते मनापासून सांगायचे. रत्नमालाचं ऐकून ते खुर्चीत बसले.

"कारभाऱ्याला काढून टाकतो," ते म्हणाले. "आणि मॅडम, परवा फोनवर तुम्ही ते डिजिटलचं काय म्हणत होता, ते लगेच करू. मी चौकशी केली. पेनड्राइव्हसारखं टोकन मिळतं, व्हिडिओवर आधार कार्ड दाखवून. सहीची किल्ली त्यातच असते. असं सॉफ्टवेअरपण आहे, एकदा पिन टाकला की दोनशे रिपोर्टवर एका झटक्यात सही. टोकन इथं मशीनला लावून ठेवू, पिन काउंटरवरच्या मुलीकडं. तुम्हाला कशाचा त्रास नाही."

रत्नमालाला हसू आलं नाही. "काकासाहेब, मग आताच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?"

"कायद्यानं पक्की सही होईल ना."

"तेच म्हणते मी. न बघता केलेली सही पक्की होईल."

"एवढे रिपोर्ट एकेक बघून करायचे म्हटलं तर संध्याकाळपर्यंत निम्मेसुद्धा होणार नाहीत. लोक दुसऱ्या लॅबला जातील."

"जाऊ द्या," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. काउंटरवरची माणसं वळून बघू लागली.

तिथून ती थेट घाटीत गेली. रिक्षात बसल्यावर तिने दोनदा ठरवलं की उद्या जाऊ, आणि दोनदा रिक्षावाल्याला काही न सांगता गप्प बसली. बायकांच्या वॉर्डात सोनिया शुद्धीवर होती. ओठ अजून पांढरे, हाताला सुई. मनकर्णाबाई खाली चादरीवर बसून डाळिंब सोलत होत्या.

"सापडला का खोटी सही करणारा?" त्यांनी विचारलं.

"मावशी, सही खोटी नव्हती. माझीच होती."

मनकर्णाबाईंचे हात थांबले. रत्नमालाने उभ्या उभ्याच सांगितलं. चित्र कसं पाठवलं, ते सगळ्या रिपोर्टवर कसं आपोआप उमटायचं, आपण ते चालू दिलं, तिकडे कारभाऱ्याने जुना आकडा टाकला आणि वर आपलं नाव लागलं. काही गाळलं नाही. तिला वाटलं होतं की मनकर्णाबाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

सोनियाने हळू आवाजात विचारलं, "मंग माझं रक्त काढलं त्ये कुठं गेलं?"

"गोठलं होतं. फेकून दिलं."

"सांगितलं असतं तर परत दिलं असतं की," सोनिया म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "त्या दिशी तुम्ही म्हणला, सही माझी नाय. मी घरी फोन केला, म्हणलं डाक्टरीन चांगली दिसतीय, कुणीतरी तिलाच फसवलंय. समद्या गावाला तसंच सांगितलं मी." त्यांनी डाळिंबाची ताटली बाजूला ठेवली. "आता परत कुणाला काय सांगू?"

"मी सांगते. मी येते गावात."

"या," त्या म्हणाल्या. त्या शब्दात बोलावणंही नव्हतं आणि नकारही नव्हता.

पुढचे दहा दिवस रत्नमाला एका जागी स्वस्थ बसली नाही. रीतसर टोकन मागवलं. कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड धरून आपलं नाव, पत्ता सांगितला. ते येईपर्यंत सॉफ्टवेअरमधलं सहीचं चित्र काढून टाकायला लावलं, आणि रिपोर्ट छापून, वाचून, पेनाने सही करून दिले. टोकन आल्यावर रूपासोबत बसून सही करायची तीन सॉफ्टवेअर पाहिली. एकात मराठी नाव दिसायचंच नाही, चौकोन यायचे. दुसरं दर महिन्याला पैसे भरले नाहीत तर बंद पडणारं निघालं. तिसरं साधंच होतं, एका वेळी एकच रिपोर्ट उघडायचा आणि प्रत्येकाला पिन मागायचा. रूपा म्हणाली, "हे फार हळू आहे, ताई." रत्नमाला म्हणाली, "हेच दे."

एक अडचण दोघींना उशिरा कळली. ही सही फायलीत असते. कागदावर छापलं की नुसतं नाव उरतं, आणि मनकर्णाबाईंच्या हातात तर कागदच असणार. रूपा दोन संध्याकाळ त्याच्यामागे लागली. शेवटी रिपोर्टच्या कोपऱ्यात काळा चौकोनी कोड छापायचा, त्यात नाव, तारीख, मुख्य आकडे आणि त्यांच्यावरची सही भरायची, असं तिने जमवलं. गावातल्या नर्सने मोबाइलमध्ये एकदा रूपाने बनवलेलं ॲप घेऊन ठेवलं, की कोडसमोर मोबाइल धरल्यावर खरे आकडे समोर येतात. कागदावर वेगळं काही छापलं असेल तर लगेच उघडं पडतं.

टोकनाने केलेली पहिली सही मात्र रिपोर्टवर नव्हती. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि वैद्यक परिषदेला लिहिलेल्या निवेदनावर होती. एक पान. अजिंठा सेंटरमधून माझ्या नावाने गेलेले रिपोर्ट मी तपासलेले नाहीत, माझ्या सहीचं चित्र मीच दिलं होतं, ते असं वापरलं जाऊ नये याची खबरदारी मी घेतली नाही. रूपाने ते वाचलं आणि म्हणाली, "ताई, एकदा ही सही केली की नंतर, मी केली नाही, असं कधी म्हणता येणार नाही. वकिलाला दाखवा तरी."

"दाखवलं. तो म्हणाला, पाठवू नका."

तिने पिन टाकला. बोट चुकलं. तीनदा चुकलं तर टोकन बंद पडतं, हे तिला माहीत होतं. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली आणि सावकाश एकेक आकडा दाबला. सही झाली. मेल गेला. ती पाच मिनिटांत तीनदा मेल पोचला का ते बघत राहिली.

काकासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी तिच्याशी बोलणं बंद केलं आणि आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरांचं नाव रिपोर्टवर यावं अशी तजवीज केली. तिने नोकरी सोडली, पण त्याआधी एक यादी काढून घेतली होती. ज्या रिपोर्टमागे यंत्राची नोंद नाही, असे अजिंठा सेंटरचे चौदा महिन्यांतले सगळे. दोनशे बारा. यादीची एक प्रत तिने आरोग्य अधिकाऱ्यांना दिली. त्या अधिकारी बाईंनी फेरतपासणीसाठी दोन नर्स आणि अजिंठ्यातल्या शाळेच्या दोन खोल्या दिल्या. सेंटरला कुलूप लागलं. परिषदेचं पत्रही आलं. सुनावणी पुढच्या महिन्यात, नोंदणी का स्थगित करू नये याचं उत्तर द्या.

दरम्यान सोनियाला मुलगी झाली, वजनाने कमी पण रडणारी. ते रत्नमालाला मनकर्णाबाईंनी कळवलं नाही. वॉर्डातल्या नर्सकडून कळलं.

तपासणीच्या पहिल्या रविवारी ती अजिंठ्याला गेली. शाळेच्या ओट्यावर उभं राहून तिने पन्नास-साठ माणसांसमोर तेच सगळं पुन्हा सांगितलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजी माझी साखर खरी हाय का खोटी?" ती म्हणाली, "माहीत नाही बाबा, म्हणून तर आले." कुणी शिव्या दिल्या. कुणी काही न बोलता बाही वर केली. मनकर्णाबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. त्या जवळ आल्या नाहीत, पण शेजारच्या आळीतल्या चार बायकांना हाताला धरून त्यांनी रांगेत आणून उभं केलं.

तीन रविवारांत एकशे चौऱ्याण्णव जण सापडले. त्यातल्या एकवीस जणांचे आकडे बिघडलेले निघाले. दोघांना मूत्रपिंडं तपासायला शहरात पाठवावं लागलं, एका बाईची साखर चारशेच्या वर होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. राहिलेल्या अठरा जणांपैकी काहींचे फोन लागत नव्हते, काहींचे नंबरच चुकीचे होते.

यादीत एक नाव होतं, पुंजाराम, वय बेचाळीस, काविळीची तपासणी, आकडे सामान्य. त्याच्या नंबरवर कुणीतरी बाई फोन उचलायची आणि नाव ऐकून ठेवून द्यायची. चौथ्या वेळी ती म्हणाली, "ते वीटभट्टीवर गेलेत, फुलंब्रीकडं. फोन न्हाई त्यांच्याकडं."

"कुठली भट्टी?"

"ते काय म्हाईत बाई. तीन-चार हायत तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता रत्नमाला मध्यवर्ती बसस्थानकावर उभी होती. पिशवीत सुया, नमुन्याच्या नळ्या, बर्फाचा डबा आणि अठरा नावांचा कागद. फुलंब्रीवरून जाणारी सिल्लोडची बस लागली तशी ती चढली. कंडक्टरने कुठलं तिकीट विचारलं, तेव्हा तिने फुलंब्री सांगितलं आणि लगेच विचारलं, "तिथं वीटभट्ट्या कुठल्या बाजूला आहेत, माहीत आहे का तुम्हाला?" कंडक्टरला नक्की ठाऊक नव्हतं. त्याने मागच्या सीटवरच्या माणसाला विचारलं, त्याने पुढच्याला, आणि बस सुटायच्या आत तिला तीन वेगवेगळे रस्ते सांगितले गेले. तिने तिन्ही लिहून घेतले.